नवा कोच आला की टीमचं काय होतं? खालिद जमील, आपले खेळाडू आणि तुमचे अनुभव

शिवतीर्थ_हाफबॅक (जळगाव)

मंगळवारी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, मडगावला फुटबॉलमध्ये सिंगापूरने आपल्याला २-१ हरवलं आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. रात्री झोप येईना, म्हणून ऑगस्टमधली ताजिकिस्तानची मॅच परत लावली. भारताचा कोच म्हणून खालिद जमीलची पहिली मॅच. उवेस टचलाइनवरून लांब थ्रो घेतो, बॉल थेट गोलच्या तोंडाशी, अन्वर अलीचं डोकं लागतं, गोल. तो थ्रो बघितला आणि आमचे कॉलेजचे सर डोळ्यांसमोर आले.

सर भुसावळला रेल्वेकडून खेळलेले. ते येण्याआधी आमच्याकडे ज्याच्या पायात बॉल तो पळत सुटायचा. सरांनी आल्या आल्या चारही बॅकच्या कमरेला एकच काथ्याचा दोर बांधला, दोघांच्या मध्ये सात-आठ पावलं ढील. डावा बॅक बॉलवर गेला की उरलेल्या तिघांना सरकावंच लागायचं. जो उभा राहिला त्याच्या कमरेला दोर काचायचा. संध्याकाळी बनियन वर केलं की लाल वळ दिसायचे. पुढे दोर सोडला तरी ते चौघं एकदमच हलायचे. मला फॉरवर्डमधून हाफमध्ये आणलं. सर एकच विचारायचे, "बॉल गेला. आता तुझा माणूस कोणता?"

म्हणून मला खालिदचं काम ओळखीचं वाटतं. आधीचे मानोलो मार्केझ बचावाची रेषा वर ठेवायचे, बॉल आपल्याकडे ठेवून खेळायला सांगायचे. आठ मॅचमध्ये एकच विजय, तोही मालदीववर. खालिदने चार-चारच्या दोन ओळी जवळ आणल्या, मधली फट बुजवली. गोल कुठून आणायचे, तर थ्रो, कॉर्नर आणि आपल्या विंगर छांगटेची धाव. २०२५ ला लीग वेळेवर सुरूच झाली नाही, पोरांच्या पायात मॅच नव्हत्या. अशा वेळी आधी बचाव बांधायचा हे मला शंभर टक्के पटतं. मध्य आशियाच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो ते असेच. तक्रार एवढीच की आघाडी घेतली की आपण फार मागे सरकतो, आणि वर बॉल धरून ठेवायला कुणी उरत नाही.

तुमच्या शाळेत, कॉलेजात, गावात नवा कोच आला तेव्हा काय झालं? आणि या टीमबद्दल काय वाटतं? मोकळेपणाने लिहा.

तापीकाठ_केळी (रावेर)

छांगटेवर लिहा ना कुणीतरी!! मडगावचा गोल बघितला का, बाहेरून डाव्या पायाने वळवून मारला. आणि असा माणूस अर्धी मॅच मागे बॅकच्या मदतीला धावतो. खालिदभाईंबद्दल आदर आहे, पण एवढं चांगलं पोरगं गोलपासून इतकं लांब कशाला ठेवायचं? मला नाही पटत. गाडी भरायची आहे, बाकी रात्री लिहितो.

शिवतीर्थ_हाफबॅक

नक्की लिहा. केळीला भाव काय मिळाला?

तापीकाठ_केळी

विचारू नका भाऊ.

लोकोशेड_जुना (भुसावळ)

मोबाईलवर हळू टाईप होतं, सांभाळून घ्या. रावेरच्या भाऊंना सांगतो, खेळाडूची जागा बदलली म्हणजे त्याची किंमत कमी केली असं नाही. १९६२ जकार्ता एशियाड. जरनैलसिंग आपला सेंटर बॅक, त्याच्या डोक्याला जखम, टाके पडलेले. आपले कोच रहीमसाहेब, त्यांनी त्याला फॉरवर्डला उभं केलं. फायनलला कोरियाविरुद्ध पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जरनैलसिंगचा. २-१, सुवर्णपदक. मैदानात लाखभर लोक आणि सगळे आपल्या विरोधात ओरडणारे.

पीके ईस्टर्न रेल्वेचे. त्यामुळे आमच्या कॉलनीत ते घरचेच. वडील शेडमधून ड्यूटी करून आले की पोरांना घेऊन बसायचे आणि हीच गोष्ट सांगायचे, दर वेळी तीच, आणि आम्ही दर वेळी ऐकायचो. कोळशाचा वास यायचा त्यांच्या कपड्यांना. आईने पाणी तापवलेलं असायचं, ते गार व्हायचं. आई मग दोघांनाही ओरडायची, वडिलांना आणि पीकेंना.

फराळात_अडकलेली (फैजपूर)

काका, शेवटचं वाक्य वाचून खूप हसले 😄 आमच्या आजीचं आणि गावस्करचं असंच होतं.

एक हात चकलीच्या पिठात आहे तरी लिहिते. पुरुषांची टीम गेली नाही याचं वाईट वाटतंच, पण ५ जुलैला चियांग माईत आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ हरवलं त्यावर एक ओळ तरी लिहा की कुणी. संगीता बासफोरचे दोन्ही गोल. पात्रता फेरी खेळून आपला महिला संघ पहिल्यांदाच आशियाई चषकाला पात्र ठरला. तेव्हाचे कोच क्रिस्पिन छेत्री, भारतीयच. तो संघ मागे बसून नाही खेळला हो. बरोबरी झाल्यावरही पुढेच जात राहिला.

आमच्या वेळी शाळेत मुलींना फुटबॉल नव्हताच. एक बाई बदलून आल्या, त्यांनी मुलांचा तास संपल्यावर आम्हाला मैदानात घेतलं. ओढणी कमरेला गाठ मारून खेळायचो. बाईंनी पहिल्या दिवशी फक्त हेडर शिकवला, कारण त्यांच्या मते बॉलची भीती आधी जायला हवी. कपाळ आठवडाभर लाल. घरी विचारलं तर "दाराला लागलं" सांगायचो सगळ्याजणी. बाईंची बदली झाली आणि सगळं थांबलं. मला त्याचा अजून राग येतो.

तेल तापलं, जाते.

गरुड_मैदान_१ (धुळे)

गोलीनं दुख कोणलेच समजत नही भाऊ 🙏

सगळे छांगटे छांगटे करताय. गुरप्रीतबद्दल कोण बोलणार? मानोलोंच्या काळात त्याला बाहेर बसवून विशाल कैथला खेळवलं. विशाल चांगलाच आहे, वाद नाही. पण खालिदने आल्या आल्या गुरप्रीतला परत आणलं. ताजिकिस्तानविरुद्ध २-१ असताना त्याने पेनल्टी अडवली. ओमानविरुद्ध शेवटची पेनल्टी पण त्यानेच अडवली. मी घरात इतक्या जोरात ओरडलो की खालचे काका वर आले.

पद्धतीचं म्हणाल तर टीम मागे राहते तेव्हा गोलीचं काम वाढत नाही, उलट सोपं होतं. समोर आठ माणसं असली की शॉट कुठून येणार ते कळतं. रेषा वर असली की तुमच्या मागे-पुढे मोकळं रान, एक लांब बॉल आला की तुम्ही आणि फॉरवर्ड. मी दोन्ही पद्धतीत उभा राहिलोय. गोलीला विचाराल तर तो खालिदलाच मत देईल.

अक्राणी_मास्तर (धडगाव)

आमचं थोडं वेगळं आहे, म्हणून लिहितो.

आश्रमशाळेचं मैदान म्हणजे डोंगराच्या कुशीत सपाट केलेला तुकडा. एका बाजूला शाळेची भिंत, दुसऱ्या बाजूला सरळ उतार, खाली नाला. बॉल त्या बाजूला गेला की एक पोरगा खाली उतरतो आणि बाकीचे बसून राहतात. कधी कधी तास तिथेच संपतो. त्यामुळे आमची पोरं बॉल उंच मारतच नाहीत. कुणी शिकवलेलं नाही. जमिनीवरून, जवळच्याला, पायातून पायात. अनवाणी खेळतात, तळपायाने बॉल असा थांबवतात की बघत राहावं.

२०१७ साली १७ वर्षांखालचा विश्वचषक आपल्याकडे होता, तेव्हा शासनाने शाळाशाळांना फुटबॉल दिले होते, आठवत असेल. आमच्याकडेही आले. तोवर एकाच बॉलवर सगळी शाळा. मग एक नवे क्रीडाशिक्षक आले, तळमळीचे माणूस. त्यांनी सांगितलं, बचावात धोका नको, बॉल आला की जोरात वर मारा, लांब. पोरं ऐकेनात. सर चिडले. शेवटी सातवीतला एक बोलला, "सर, लांब मारलं तं कोन आननार?" सर त्या दिवशी स्वतः नाल्यात उतरले बॉल आणायला. वर आले ते घामाघूम, पायाला काटे, आणि पुढच्या तासापासून त्यांनी लांब मारायचं नावच काढलं नाही. त्यांनी पोरांचा जवळचा पास धरून टीम बांधली. तालुक्याला सपाट मैदानावर खेळलो तेव्हा समोरच्यांना बॉलच सापडेना.

खालिदसाहेबांना हेच सांगावंसं वाटतं. मिझोरामची, मणिपूरची पोरं आहेत तुमच्याकडे, लहानपणापासून अरुंद जागेत जवळचा पास खेळून मोठी झालेली. बचाव घट्ट ठेवा, पण त्यांच्या पायात आहे ते वापरा.

शिवतीर्थ_हाफबॅक

मास्तर, सलाम. तुमच्या पोरांच्या पास खेळण्यावर वेगळं सविस्तर लिहा.

पाचोरा_पॅसेंजर

"कोन आननार" 😂😂 त्या सातवीतल्याला कॅप्टन करा

अक्राणी_मास्तर

तोच कॅप्टन होता.

प्रताप_कॉलेज_माजी (अमळनेर)

खालिदला फक्त बचाववाला कोच म्हणणाऱ्यांनी ऐझॉल बघावं, तिथे तो कोच होता. २०१६-१७ ची आय-लीग. आधीच्या वर्षी लीगमधून खाली घसरलेली टीम, मग परत घेतलेली, आणि त्या टीमने एका गुणाने मोहन बागानला मागे टाकून लीग जिंकली. त्यात आपला मुंबईचा जयेश राणे होता, आशुतोष मेहता होता, दोघंही मुंबई एफसीत खालिदच्या हाताखाली खेळलेले. म्हणजे हा माणूस आपली पोरं शोधतो आणि सोबत नेतो. आताच्या टीममध्ये राहुल भेके आहे. २०१९ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) फायनलला जादा वेळेत त्याच्या हेडरने बंगळुरूला चषक मिळवून दिला होता, ते विसरू नका.

आणि मागे बसून खेळणं नवीन आहे का? भारताचे जुने कोच बॉब हॉटन असंच खेळवायचे, नेहरू कप दोनदा जिंकला. कॉन्स्टंटाईनही असेच. २०१९ च्या आशियाई चषकात थायलंडला ४-१ मारलं तेव्हा कुणी पद्धतीवर बोट ठेवलं नव्हतं. पुढे बहारीनविरुद्ध शेवटच्या क्षणी पेनल्टी गेली आणि बाहेर पडलो, तो घाव अजून आहे.

लाल_सैतान_शहादा

मी मँचेस्टर युनायटेडवाला. कोच आणि पद्धत म्हटलं की मला बोलायलाच पाहिजे. अमोरिम कोच म्हणून आले, ३-४-३ घेऊन आले. स्पोर्टिंगला याच पद्धतीने १९ वर्षांनी लीग जिंकून दिलेली, म्हणून आशा होती. २०२४-२५ च्या सीझनला आम्ही १५ वे, ४२ गुण, वर युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून १-० हरलो. ब्रुनो फर्नांडिससारखा माणूस मधल्या दोघांत खाली अडकायचा, जीव तुटायचा बघताना. ल्योनविरुद्ध ५-४ झालं त्या रात्री मात्र रडलो, मॅग्वायरचा हेडर. धडगावच्या सरांचं वाचून वाटलं, ते नाल्यात उतरले म्हणून त्यांना कळलं. आमच्या साहेबांनाही कुणीतरी उतरवायला हवं होतं.

चाळीसगाव_जंक्शन

पद्धत-बिद्धत मला कळत नाही. मी सुनील छेत्रीसाठी बघायचो.

जून २०१८, छेत्रीने व्हिडिओत हात जोडले, शिव्या द्या पण मैदानात या. मी आणि मावसभाऊ रात्रीच्या गाडीने जनरल डब्यात दादर, तिथून अंधेरी. केनियाविरुद्धची मॅच, त्याची शंभरावी. पाऊस असा की समोरचा गोल दिसेना. ३-०, दोन छेत्रीचे. कपडे अंगावरच ओले, तसेच परत गाडीत बसलो. सकाळी घरी आलो तर आईने आधी आंघोळ कर सांगितलं, मग विचारलं, "जिंकले का?" तिने त्याआधी कधी मॅचचं विचारलं नव्हतं.

४१ वर्षांच्या माणसाला परत बोलवावं लागलं याचं मला फार वाईट वाटतं. त्याच्यासाठी नाही, बाकीच्यांसाठी. ९५ गोल केलेल्या माणसाच्या मागे उभं राहणारा एक फॉरवर्ड नाही? मडगावच्या आधी सिंगापूरमध्ये झालेल्या मॅचला ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधून दिली, आपण दहा जण असताना. त्याला सलग खेळवा. चुकू द्या.

तापीकाठ_केळी

आलो परत. भुसावळच्या काकांचं वाचलं, जरनैलसिंगचं माहीत नव्हतं, पोराला पण वाचून दाखवलं. पण काका, त्यांनी बॅकला पुढे नेलं, खालिद फॉरवर्डला मागे आणतोय. मी छांगटेवर ठाम आहे.

लोकोशेड_जुना

राहा ठाम. जरूर राहा. पोरगा कोणत्या वर्गात आहे?

तापीकाठ_केळी

आठवीत. डाव्या पायाचा आहे. जळगावला त्याच्या मापाचे स्टड कुठे मिळतील कुणी सांगेल का? इथे मोठेच मिळतात.

प्रताप_कॉलेज_माजी

फुले मार्केटला बघा, पण दिवाळीच्या गर्दीत नको, भाऊबीजेनंतर जा. अंगठ्याएवढी जागा सोडून घ्या, पाय वाढेल.

पाचोरा_पॅसेंजर

१८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेश आहे. एकत्र बघू या का? भुसावळ-जळगाववाले?

शिवतीर्थ_हाफबॅक

आमच्याकडे या सगळे. पात्रतेचं गणित संपलं असलं तरी बघायची. भरीत करू, वांगी आसोद्याची आणतो.

फराळात_अडकलेली

आसोद्याची?? भरीत बामणोदच्या वांग्यांचंच. मी पाठवते, आणि कळण्याच्या पुऱ्यासुद्धा.

गरुड_मैदान_१

धुळ्याला शेवटची एसटी किती वाजता आहे जळगावहून? मॅच रात्रीची असेल तर मुक्काम करावा लागेल.

शिवतीर्थ_हाफबॅक

मुक्कामच करा. गादी आहे.