चंद्रकला शिकवताना दर पौर्णिमेला 'ग्रहण' लागतं!

प्रश्न (मालवण): सातवीचा वर्ग. बल्ब हा सूर्य, मुलाचं डोकं पृथ्वी, काडीला टोचलेला थर्माकोलचा चेंडू चंद्र. पौर्णिमेला चेंडूवर डोक्याची सावली पडते. काय चुकतंय?

उत्तर १: अंतर. २० सेंमीचं डोकं पृथ्वी धरलं, तर चंद्र साधारण ५ सेंमीचा आणि ६ मीटर लांब हवा. चंद्राच्या कक्षेचा कल ५ अंश, म्हणजे तिथे अर्धा मीटर वर-खाली. म्हणून तो सहसा सावलीतून सुटतो. हाताच्या अंतरावर ५ अंश पुरत नाहीत. चेंडू डोक्याच्या वर धरायला सांगा, पण हे अंतराचं कारण सांगूनच. नाहीतर गैरसमज पक्का होतो. मुलांनी डावीकडेच वळावं. उजवीकडे वळलं की शुक्ल पक्षातली कोर उलट्या बाजूला दिसते. भिंतींना पांढरा चुना असेल तर उजेड परततो आणि कोर पुसट होते.

उत्तर २ (देवगड): याला भरतीची जोड द्याच. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुलांनी पंधरा दिवस जेटीच्या पायरीवर पाण्याची खूण टिपावी. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी), हे त्यांच्याच वहीत उतरतं. नोंदी खाडीच्या मुखाशीच घ्या, आत भरती उशिरा पोचते.