मदत हवी आहे : 'जेजुरी', खंडोबाची मुलं आणि इंग्रजी वाचन, पीएचडीचा विषय कसा बांधू?

करहाकाठ

नमस्कार मंडळी. मी एका ग्रामीण कॉलेजात बीएला इंग्रजी शिकवते. सासवड, जेजुरी, नीरा या पट्ट्यातली मुलं येतात, जवळजवळ सगळी मराठी माध्यमातली. पीएचडीचा सिनॉप्सिस द्यायचाय, विषय डोक्यात पक्का बसलाय पण कागदावर मांडायला गेलं की दोन्ही बाजूंनी गळतोय, म्हणून इथे विचारतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही वर्गात अरुण कोलटकरांच्या 'जेजुरी' या इंग्रजी संग्रहातल्या काही कविता घेतो. १९७६ चं पुस्तक, १९७७ चं राष्ट्रकुल कविता पारितोषिक, हे सगळे नोट्समध्ये लिहितात आणि पुढे जातात. पण आमच्या मुलांसाठी जेजुरी हे पुस्तक नाहीच हो, ते बसने वीस मिनिटांवरचं गाव आहे, घरचं कुलदैवत आहे, सोमवतीला पालखी कऱ्हेवर आंघोळीला जाते तेव्हा निम्मा वर्ग गायब असतो. त्यामुळे मला वाटायचं ही कविता इथे लोण्यासारखी उतरेल. तसं होत नाही आणि जे होतं ते मला फार इंटरेस्टिंग वाटतं.

एक उदाहरण देते. 'अ स्क्रॅच' नावाची कविता आहे, देव कुठला आणि दगड कुठला यातली रेघ जेजुरीत फार बारीक आहे अशा अर्थाची. त्यात एक मोठा खडक येतो, ती खंडोबाची दगड झालेली बायको, आणि खडकावरची भेग म्हणजे त्याने रागाच्या भरात केलेल्या वाराचा वण. कवितेत बायकोचं नाव नाही, राग कशाचा तेही नाही. एका मुलाने उत्तरात पान भरून लिहिलं की ही म्हाळसा, सारीपाटात देव हरला, मग बाणाईकडे धनगरवाड्यावर चाकरीला राहिला, तिला घेऊन आला आणि त्यावरून घरात भांडण पेटलं. इंग्रजी मोडकंतोडकं पण गोष्ट खणखणीत. आणि शेवटचा शंकेचा सूर, दगड खरवडला की दंतकथा उगवते हा, त्याला दिसलाच नाही. त्याने कविता वाचली की कविता बाजूला ठेवून स्वतःला माहीत असलेलं लिहिलं? आणि मी मार्क किती द्यायचे?

यावर वाचत गेले तेव्हा १९७९ चा तो प्रसिद्ध अभ्यास मिळाला, स्टेफनसन, जोग-देव आणि अँडरसन यांचा. भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली, एकात भारतीय लग्न, दुसऱ्यात अमेरिकन. आपल्याकडचं लग्न आपल्या लोकांनी भरभर वाचलं, जास्त आठवून लिहिलं आणि मजकुरात नसलेले पण संस्कृतीला धरून असलेले तपशील स्वतःहून भरले. परक्या लग्नात मात्र अर्थच फिरला. अमेरिकन नवरी आजीचा जपून ठेवलेला लग्नाचा पोशाख घालते, तिथे ती अभिमानाची गोष्ट, आपल्या वाचकाला वाटलं की पोशाख जुना झालाय, फॅशनमधून गेलाय. वाचताना अंगावर काटा आला. माझ्या वर्गातला मुलगा हेच करत होता, भर घालत होता.

आता अडचण. माझे गाईड म्हणतात की हे धड साहित्यात बसत नाही आणि धड भाषाशिक्षणात बसत नाही, एक काहीतरी घ्या, कोलटकर घ्या नाहीतर वाचन-आकलन घ्या, कमिटीसमोर असा विषय टिकणार नाही. मला दोन्ही हवंय कारण प्रश्नच त्या दोघांच्या मधे आहे. ढोबळ प्लॅन असा की एका गटाला 'जेजुरी'तल्या चार कविता द्यायच्या, मग त्याच गटाला एखाद्या इंग्रज कवीच्या चार कविता, आणि आकलन तपासून तुलना करायची. हे चालेल का? उत्तरं मराठीत घेतली तर इंग्रजी विभागात चालतं का? आणि 'आपली संस्कृती = सोपा मजकूर' असं जे सगळीकडे गृहीत धरतात, पाठ्यपुस्तकवाले तर हमखास, त्याला धक्का देणारं काम आपल्याकडे कुणी केलंय का? शोधगंगावर (पीएचडी प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) शोधतेय पण शीर्षकावरून काही कळत नाही.

ओसरीवरचा

मॅडम, विषय सोडू नका. पण प्लॅन बदलावा लागेल, स्पष्टच सांगतो.

एकच गट घेतला तर तुम्ही कशामुळे काय झालं हे कधीच सांगू शकणार नाही. समजा मुलांनी कोलटकर जास्त चांगले लिहिले, तर ते खंडोबामुळे की कोलटकरांची वाक्यं छोटी आणि शब्द रोजचे आहेत म्हणून? त्या १९७९ च्या अभ्यासाची खरी ताकद लग्नात नाही, फुलीसारख्या रचनेत आहे. दोन गट, दोन मजकूर, आणि जो एकाला घरचा तो दुसऱ्याला परका. मजकूर अवघड असेल तर तो दोघांनाही अवघड जाईल, मग जो फरक उरतो तो ओळखीचा. पुढे पॅट्रिशिया कॅरेल यांनी १९८७ मध्ये हेच मुस्लिम आणि कॅथलिक विद्यार्थ्यांवर केलं, आशयाची ओळख वेगळी आणि मांडणीची ओळख वेगळी असे दोन भाग पाडून. ते नक्की वाचा, कारण तुमच्या त्या मुलाचं उत्तर तिथेच सापडतं. आशय त्याच्या घरचा, पण मुक्तछंदातली, विरामचिन्हं नसलेली आधुनिक कविता हा साचा त्याच्या ओळखीचा नाही. त्याची ओळख आरतीची, लावणीची, जागरणातल्या गाण्यांची. म्हणजे एक दार उघडं आणि एक बंद.

उत्तरं मराठीतच घ्या, डोळे झाकून. तुम्हाला समजलं किती हे मोजायचंय, इंग्रजी लिहिता येतं का हे नाही. जेम्स ली यांचा १९८६ चा पेपर आहे, परक्या भाषेत वाचलेलं स्वतःच्या भाषेत आठवून लिहिलं की मुलं जास्त दाखवू शकतात असा. कमिटीने विचारलं तर तो पुढे करा.

निळी शाई

माझं मत जरा वेगळं आहे. कविता मोजायच्या भानगडीत पडूच नये असं मला मनापासून वाटतं. आकलनाच्या चाचणीत 'बरोबर उत्तर' लागतं आणि 'जेजुरी'त ते नाहीये, सगळं पुस्तकच त्या रेघेवर उभं आहे. नेमाड्यांचा आक्षेप माहीत असेलच, की हा कवी तिथे मुंबईहून आलेल्या पर्यटकासारखा वावरतो. पटो न पटो, पण तुमच्या कामाला तो फार उपयोगी आहे. कारण मग हे पुस्तक 'ओळखीच्या संस्कृतीचा मजकूर' उरतच नाही. विषय ओळखीचा, नजर परकी. 'द प्रीस्ट' मधला तो पुजारी बसची वाट बघत ताटात पुरणपोळी पडेल का याचा हिशोब करतो. ज्यांच्या घरातलं कुणी देवळात सेवेला असेल त्या पोराला हे वाचून काय वाटत असेल हा आकड्याचा प्रश्न नाही, त्याला बसवून बोलतं करायला पाहिजे. काही मुलं गप्प बसतात ती समजलं नाही म्हणून नाही, नीट समजलं म्हणून गप्प बसतात.

म्हणून प्रयोग गद्यावर करा, कविता वेगळ्या प्रकरणात मुलाखतींसाठी ठेवा.

करहाकाठ

दोघांचेही खूप आभार, रात्री दोनदा वाचलं. विषय ओळखीचा पण नजर परकी हे मला म्हणायचं होतं आणि म्हणता येत नव्हतं. गद्याचं पटलं. पण कविता प्रयोगातून पूर्ण काढायला मन घेत नाही, निदान एक तरी दोन्ही गटांना द्यावी असं वाटतं. जिथे ओळख नाही तिथला मुलगा कदाचित तो शंकेचा सूर जास्त पटकन पकडेल, आणि तसं निघालं तर माझा सगळा मुद्दाच तिथे आहे ना. ओळख कधी वाट दाखवते आणि कधी वाटेत उभी राहते.

आता दुसरा गट कुठून आणू? गोव्यातली कॅथलिक मुलं डोक्यात आली, पण त्यांचं शिक्षण बहुतेक इंग्रजीत झालेलं, मग तो फरक संस्कृतीचा की माध्यमाचा, पुन्हा तेच.

बावखल

ताई, वसईला या. आमच्याकडे ख्रिस्ती घरातली मराठी माध्यमात शिकलेली मुलं आहेत, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात, शाळेत मराठी, चर्चमध्ये प्रार्थना मराठीत. म्हणजे मराठीत रिकॉल, म्हणजे वाचलेलं आठवून, लिहायला दोन्ही गट सारखे, इंग्रजीची सुरुवातही साधारण सारखी. पुढच्या पिढीत इंग्रजी माध्यम वाढलंय, त्यामुळे गट निवडताना माध्यम विचारून घ्याच.

एक सांगते, मजकुरासाठी गावच्या चर्चचा सण घेऊ नका. त्या जत्रेला आजूबाजूची हिंदू मंडळी पण येतात, तो थोडाफार सगळ्यांच्या कानावर असतो. तसंच तुमच्या बाजूने जेजुरीची यात्रा नको, टीव्हीवर खंडोबाची मालिका घराघरात बघितली गेलीय, आमच्याकडेही. घरातला विधी घ्या. आमचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घ्यायचा संस्कार, घ्या: आधी महिनोन् महिने धर्मशिक्षणाचे वर्ग, मग पहिला पापनिवेदन संस्कार, पांढरे कपडे, मेणबत्ती, आणि प्रसाद घ्यायच्या आधी काही वेळ उपाशी राहायचं. बाहेरच्याला वाटतं वाढदिवसासारखं काहीतरी आहे, कारण जेवण आणि भेटवस्तू असतात. गैरसमज व्हायला हीच जागा.

ओसरीवरचा

वा, हे फारच छान. मग दुसऱ्या बाजूला चंपाषष्ठीला घरी तळी भरतात ते घ्या. ताम्हनात पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, चार-पाच जणं मिळून ते येळकोट म्हणत उचलतात, भरीत-रोडग्याचा नैवेद्य. बाहेरचा वाचक ताम्हन का उचललं याचं काहीतरी भलतंच कारण लावणार बघा.

मजकूर तुम्हीच लिहा, दोन्ही पत्राच्या रूपात, सारख्या लांबीची, वाक्यांची लांबीही तपासा. विधीचे शब्द तसेच ठेवा पण दोन्हीकडे सारखे. कोणाला आधी कुठलं पत्र द्यायचं हे अदलाबदल करा. त्याआधी इंग्रजी वाचनाची एक साधी चाचणी दोन्ही गटांना, म्हणजे मूळचा फरक हिशोबात धरता येईल. उत्तरं तपासायला मजकुराचे छोटे छोटे अर्थाचे तुकडे पाडतात, मुलाच्या लिखाणात त्यातले किती आले ते मोजतात, आणि भर किती, विपर्यास किती हे वेगळ्या रकान्यात. भर ही चूक नाही, तिला मार्क कापायचे नाहीत, तिला मोजायचं. हे तुम्ही एकटीने तपासू नका, दुसरं कुणीतरी स्वतंत्रपणे तपासू दे आणि दोघांचं किती जुळतं ते 'कॅपा' (kappa) या सांख्यिकी आकड्याने दाखवा. मुलांची लेखी संमती आधी घ्या, आणि वर्गातली जुनी उत्तरपत्रिका वापरायची असेल तर त्या मुलाचीही.

शोधगंगावर शीर्षकात शोधू नका, स्कीमा (वाचकाच्या डोक्यात आधीच असलेला माहितीचा साचा), पूर्वज्ञान, वाचन-आकलन असे शब्द इंग्रजीत टाकून सारांशात शोधा. आणि पेपर छापायची घाई करू नका, यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपरची सक्ती काढलीय. विद्यापीठाचा स्वतःचा नियम मात्र विचारून घ्या.

करहाकाठ

काय बोलू, एका धाग्यात सिनॉप्सिसचा सांगाडा उभा राहिला. गाईडना असं सांगायचं ठरवलंय: मुख्य प्रयोग दोन पत्रांचा, तो भाषाशिक्षणात बसतो. त्यानंतर दोन्ही गटांना 'अ स्क्रॅच', प्रश्न न विचारता, फक्त 'काय वाचलंत ते मराठीत लिहा', आणि दोन्हीकडच्या निवडक मुलांशी गप्पा, ते साहित्याचं प्रकरण. निळी शाई, मोजणार नाही, वाचणार आहे, चालेल ना?

त्या मुलाशी काल बोलले. उत्तर वापरायला तो आनंदाने हो म्हणाला आणि त्याने उलट विचारलं, मॅडम, पण ती गोष्ट त्यात लिहिलेलीच नव्हती का? लेखी संमती घेईन.

बावखल ताई, तळीचं पत्र या आठवड्यात लिहून होईल, कम्युनियनचं कच्चं लिहून तुम्हाला मेसेज करते. त्यात बाहेरच्या माणसाचा वास कुठे येतोय तेवढं लाल करून द्या. आणि तळीच्या पत्रासाठी कुणी खंडोबाचं नसलेलं, हा विधी घरात कधी न पाहिलेलं कोणी वाचून द्याल का? तुम्हाला जिथे थांबावं लागलं ती जागा मला हवी आहे.