शब्दचर्चा : 'सहिष्णुता' की 'खपवून घेणे'?

दादरचा_उपाशी : दादरच्या एका वाचनालयाची वादविवाद स्पर्धा आहे, विषय राजकीय. इंग्रजी नियमावली मराठीत आणायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. 'टॉलरन्स'ला मी 'परमतसहिष्णुता' लिहिलं, तर तिथल्या एका आजोबांनी लाल पेनाने काट मारली. म्हणे, "सहिष्णुता म्हणजे नाक मुरडून सोसणं. आपल्याला समोरच्याचा मान राखायचाय." मग लिहू काय? उद्या दुपारी छापायला जायचंय.

धातुसाधित : आजोबा चुकले. सह् धातूला इष्णु प्रत्यय, म्हणजे सहन करणं हा ज्याचा स्वभाव आहे असा. शिवरायांच्या राजमुद्रेतलं 'वर्धिष्णु' आठवा, तोच प्रत्यय. यात नाक मुरडणं आलं कुठून? उलट वेदांत सह् म्हणजे वरचढ होणं, जिंकणं. सहस् म्हणजे बळ, त्यावरून साहस. सहिष्णुता आणि साहस एकाच घरातली भावंडं आहेत.

बटाटेवडा : आमच्या बाईंनी सह + विष्णू अशी फोड शिकवली होती. ज्याच्यासोबत विष्णू आहे तो! वीस वर्षं मी हे लोकांना ठणकावून सांगतोय.

धातुसाधित : बाईंना साष्टांग नमस्कार.

गिरणगावकर : वेदांतलं सोडा हो. माझे बाबा लोअर परळच्या गिरणीत फिटर होते, टॉलरन्स हा शब्द त्यांच्या तोंडी रोज. शाफ्ट ठरल्या मापापेक्षा किती कमीजास्त चालेल, तो टॉलरन्स. म्हणायचे, "शून्य ठेवलास तर बेअरिंगमध्ये शिरणार नाही, वाट्टेल तेवढा ठेवलास तर खडखडेल." सरळ 'चालवून घ्यावे' लिहा, शेंबड्या पोरालाही कळेल.

मुलुंड_स्लो : 'चालवून घेणे'मध्ये उपकार केल्याचा वास येतो. 'खपवून घेणे' त्याहून वाईट. हा शब्द होकारार्थी कधी ऐकलाय? "अपमान खपवून घेतला जाणार नाही" असे बॅनर नाक्यानाक्यावर. "विरोधकांचं म्हणणं आम्ही खपवून घेऊ" असा एक तरी दाखवा.

धातुसाधित : म्हणूनच संस्कृत शब्द हवा. बोलीतले शब्द रागाचे आहेत.

गिरणगावकर : बोलीला राग येतो कारण ती जिवंत आहे. तुमचा शब्द काचेच्या कपाटातला.

मुलुंड_स्लो : भांडू नका. माझ्या मते मराठीत सभ्यपणाचं खरं माप 'सहिष्णुता' नाहीच, ते 'एकेरी' आहे. "नेते एकेरीवर आले" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. इंग्रजीत सगळेच 'यू', त्यामुळे त्या नियमावलीत हे सापडणारच नाही. एकच नियम घाला : एकेरी उल्लेख नको.

वरळीची_होडी : थांबा. आमच्या कोळीवाड्यात बापाला, आजोबाला तू म्हणतात. विठोबाला तर सगळा महाराष्ट्र तू म्हणतो. आमची पोरगी स्पर्धेत बोलता बोलता तू म्हणाली तर गुण कापणार? आणि विधानभवनात 'सन्माननीय सदस्य' म्हणत एकमेकांची सालं काढतात, ते चालतं.

बटाटेवडा : स्टेशनचंच बघा. १९९६ साली व्हीटीचं सीएसटी झालं, २०१७ साली 'महाराज' जोडून सीएसएमटी. एकेरी वाटू नये म्हणून पाट्या बदलल्या. माझे सासरे अजून "व्हीटी फास्ट आली का?" विचारतात. त्यांच्याएवढा शिवभक्त आमच्या बिल्डिंगमध्ये नाही.

गिरणगावकर : होडीताईंचं पटलं. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होतो. बाबा संपाच्या बाजूने, शेजारचे काका विरोधात. रोज संध्याकाळी गॅलरीत, एकाच बाकड्यावर. "अरे, डोकं गहाण ठेवलंस काय?" "तुझं तरी कुठे सोडवलंयस?" हात वर जायचे, बनियनची बाही फाटलेली दिसायची, पण मधली चहाची किटली कधी सांडली नाही. मग एके दिवशी काका कामावर गेले. संध्याकाळी बाबा त्यांना म्हणाले, "या, बसा. कसे आहात आपण?" आई आतून भाकरी थापायची थांबली. तो 'आपण' मी विसरलो नाही. त्यानंतर बाकड्यावर दोघं कधी एकत्र बसले नाहीत. आता सांगा, आदरार्थी वचन कुठल्या रकान्यात टाकणार?

मुलुंड_स्लो : हं. हे नियमात बसवणं अवघड आहे.

धातुसाधित : 'आपण' मुळात स्ववाचक सर्वनाम, त्याचा आदरार्थी वापर

वरळीची_होडी : धातुसाधित, आता नको.

दादरचा_उपाशी : मंडळी, पत्रक छापून आलं. आजोबांनी प्रेसमध्ये जाऊन परस्पर 'सभ्यपणे बोलावे' केलं, आणि खाली कंसात माझा शब्दही ठेवला : 'परमतसहिष्णूता'. ष्णू दीर्घ.

धातुसाधित : दीर्घ?! सहिष्णू एकटा असेल तर शेवटचा उकार दीर्घ, 'ता' लागला की ऱ्हस्व. किती प्रती काढल्या?

गिरणगावकर : चालवून घ्या की.