पटाया ट्रिप : ‘रात्रीचा खर्च वेगळा’ म्हणजे?

प्रश्न (मार्केट यार्ड, सांगली): आमचा हळदवाल्यांचा ग्रुप थायलंडला निघालाय. एजंट म्हणतो, “रात्रीचा, म्हणजे बायकांचा, खर्च वेगळा. तिथं सगळं चालतं.” खरंय का?

उत्तर १: उघड चालतं म्हणून कायद्यात बसतं असं नाही. तिथला १९९६ चा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा बघा. मुलगी १५ ते १८ मधली निघाली तर गिऱ्हाइकाला १ ते ३ वर्षं कैद, वर २० ते ६० हजार बाथ दंड. १५ च्या आतली असेल तर २ ते ६ वर्षं. तिची संमती होती, ही सबब चालत नाही. आणि मेकअपमध्ये, बारच्या लाल उजेडात वय कुणाला कळतं हो?

उत्तर २: सांगलीत परतलं की सुटलो, हेही विसरा. भारतीय न्याय संहिता, कलम १(५) : नागरिकाचा परदेशातला गुन्हाही गुन्हाच. केंद्राच्या परवानगीने इथे खटला चालतो.

उत्तर ३: पोरीचा पासपोर्ट मालकाकडे, डोक्यावर कर्ज, अशा ठिकाणी ती ‘नाही’ म्हणू शकत नाही. तिच्याऐवजी दुसराच पैसे मोजून घेतोय, हीच जबरदस्तीची खूण.

उत्तर ४: कंडोम फाटला तर एचआयव्हीरोधक गोळ्या ७२ तासांच्या आत, पुढे २८ दिवस. सिव्हिलला येईपर्यंत थांबू नका, तिथेच सुरू करा.