सहा इंची डॉब्सोनियनवरून (हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण) गुरू-शनीचे फोटो: काय घेऊ?

निशाचरी:
आरसा १५० मिमी, फोकल लेंथ १२०० मिमी, मोटर नाही. डोळ्याला गुरूचे दोन पट्टे स्वच्छ दिसतात, पण आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) मोबाइल टेकवला की नुसता पांढरा गोळा येतो. बाबांना मानेच्या दुखण्यामुळे आयपीसपर्यंत वाकता येत नाही, त्यांना हे सगळं पडद्यावर दाखवायचंय. एकच छोटी वस्तू परवडेल. काय घेऊ?

आकाशवेडा:
मोटरवालं इक्वेटोरियल माउंट (आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणारा स्टँड) घ्या, बाकी सगळं नंतर. दोन वर्षं हाताने ढकलून शेवटी मी तेच घेतलं. आता गुरू तासभर जागचा हलत नाही.

निशाचरी:
छोटी वस्तू म्हटलंय हो.

ध्रुव_७:
माउंट नसलं तरी चालतं. ग्रहाचा व्हिडिओ घ्यायचा असतो. आयएमएक्स४६२ सेन्सरचा कॅमेरा घ्या, दुप्पट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग) लावा, गुरू कडेला आणून सोडून द्या. पूर्ण सेन्सर पार करायला त्याला साधारण अर्धा मिनिट लागतो. असे तीन-चार व्हिडिओ घ्या. हवा सतत थरथरते, म्हणून हजारो फ्रेममधून शांत क्षणांच्या तेवढ्या निवडून ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायच्या. मात्र सगळं दोन-तीन मिनिटांत उरका. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, जास्त वेळ घेतलात तर तपशील पुसट होतो.

मध्यरात्र:
कॅमेऱ्याला +१. त्या सेन्सरला आयआर-कट (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर मात्र लागतोच. मी लावला नव्हता, पहिल्या रात्रीचे रंग काही केल्या जागेवर येईनात.

आकाशवेडा:
बार्लो नको, प्रतिमा अंधुक होते.

ध्रुव_७:
असहमत. पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या पाचपट फोकल रेशो (फोकल लेंथ भागिले आरशाचा व्यास), हा ढोबळ हिशेब. या सेन्सरच्या २.९ मायक्रॉनला एफ/१४.५. यांची दुर्बीण एफ/८, बार्लोने १६. जमलं की.

आकाशवेडा:
तुमच्याकडे हवा शांत असेल. माझ्याकडे एफ/१० च्या पुढे गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी असल्यासारखा दिसतो.

जुनी_दुर्बीण:
आधी कोलिमेशन (आरसे एका रेषेत आहेत का ते) बघा. ठळक तारा किंचित फोकसबाहेर न्या, वर्तुळं एकात एक नीट बसलेली दिसायला हवीत. माझी एका बाजूला चेपलेली असायची आणि मी वर्षभर हवेला दोष देत होते. मुख्य आरशाचा एक स्क्रू जरासा फिरवला आणि शनीच्या कड्यांत कॅसिनीची फट (कड्यांमधली काळी रेघ) उघडली! नळी तासभर आधी बाहेर ठेवा, ग्रह बराच वर आल्यावरच बघा.

मध्यरात्र:
नळी आधी बाहेर ठेवा, हेच सांगायला आलो होतो. आणि मोबाइलवर वेळ घालवू नका.

ध्रुव_७:
मोबाइलबद्दल सहमत.

निशाचरी:
सगळ्यांचे आभार. कोलिमेशन खरंच बिघडलं होतं, दोन संध्याकाळी लागल्या. वस्तू मात्र मोबाइल धरणारा ब्रॅकेट घेतली. लॅपटॉप, केबल मांडून होईपर्यंत बाबांना थंडीत बसवत नाही. गुरूवर बोट दाबून फोकस लॉक केला, एक्सपोजर खाली ओढलं आणि त्याच पांढऱ्या गोळ्यातून पट्टे निघाले. एक्सपोजर वाढवलं की चार चंद्र, कमी केलं की पट्टे. बाबा खुर्चीत बसून स्वतःच ते वर-खाली करत होते, मी नळी ढकलत होते. शनी झाडामागे होता, त्याला उद्या.