पोलिसांनी जप्त केलेला बंगला, गाड्या, सोनं: हे आता सरकारचं झालं का?

कृष्णाकाठची_सून, सांगली

नमस्कार. आम्ही बावीस जणी आहोत आणि एकीलाही नीट काही कळत नाही, म्हणून इथं विचारते.

२०२४ च्या दसऱ्याला आमच्या भागातल्या एका गुंतवणूक कंपनीत (नाव लिहीत नाही) ६ लाख ४० हजार ठेवले. मिस्टरांच्या फंडातले ४ लाख, माझ्या शिवणकामातले दीड लाख आणि सासूबाईंचे ९० हजार. महिना ५ टक्के देणार म्हणाले. सात महिने दिलेही. मग ‘सर्व्हर डाऊन’ सुरू झालं आणि एक दिवस ऑफिसला कुलूप. जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंद झाला. मालकाचा बंगला, दोन गाड्या आणि थोडं सोनं जप्त केल्याचं पेपरात आलं.

जबाब द्यायला पोलीस ठाण्यात गेले तेव्हा त्यातली पांढरी गाडी आवारात गुलमोहराखाली दिसली. चारही टायर बसलेले. वायपरखाली पानं कुजून काळा थर झालाय, मागच्या काचेच्या धुळीत कुणीतरी बोटानं नाव लिहिलंय. हॉटेलातल्या कार्यक्रमाला मालक ह्याच गाडीतून आला होता, बॉनेटवर झेंडूचा हार होता. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. माझा नंबर येईपर्यंत दोन तास मी त्या गाडीकडेच बघत बसले होते.

शेजारचे म्हणतात, जप्त झालं म्हणजे सरकारजमा झालं, आता विसरा. दुसरीकडे ऐकते की नवीन कायद्यानं जप्त मालाचे पैसे फसलेल्यांना मिळतात. खरं काय? आणि केस संपेपर्यंत ती गाडी तिथंच कुजणार का?

निवृत्त_शिरस्तेदार

ताई, कोर्टात एकतीस वर्षं नोकरी झाली. त्या काळात सगळ्यात जास्त गोंधळ मी ‘जप्ती’ ह्या एका शब्दामुळे बघितला. बोलण्यात आपण तीन वेगळ्या गोष्टींना जप्तीच म्हणतो. पोलिसांनी पंचनामा करून वस्तू ताब्यात घेतली की ती मुद्देमाल. मिळकत विकू नये, कुणाच्या नावावर करू नये असा हुकूम झाला की ती टाच. आणि मालकी कायमची शासनाकडे गेली की सरकारजमा. तुमच्याकडे फार तर पहिल्या दोन झाल्या असतील. तिसरी झालेली नाही, तेव्हा विसरू नका.

नवीन कायद्याचं ऐकलंत ते खरं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १०७ प्रमाणे तपास अधिकारी पोलीस अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मंजुरी घेऊन कोर्टात अर्ज करतो की ही मिळकत गुन्ह्यातून आलेली आहे. कोर्ट समोरच्याला चौदा दिवसांची नोटीस काढतं. त्याचं ऐकून घेऊन, मिळकत गुन्ह्याचीच आहे अशी खात्री पटली तर जिल्हाधिकाऱ्यांना हुकूम जातो की ती रक्कम बाधितांना ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटा. वाटपाला मुदत साठ दिवसांची. मागणारा कुणी नसेल किंवा वाटून काही उरलं, तरच ते सरकारजमा. म्हणजे कायद्यातच तुमचा नंबर सरकारच्या आधी लावलाय.

मात्र हे साठ दिवस कोर्टाच्या हुकमानंतरचे आहेत, आजपासून मोजू नका.

शिक्षा होईपर्यंत थांबावं लागत नाही, हा ह्या कलमाचा मोठा फायदा. पण त्याचमुळे कोर्टानं समोरच्याचंही पुरतं ऐकलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे. त्या सोन्यात त्याच्या बायकोचं स्त्रीधन असू शकतं, बंगला आजोबांच्या कमाईचा असू शकतो. घाईत दिलेला हुकूम वर टिकला नाही, तर शेवटी नुकसान ठेवीदारांचंच होतं.

ठेवी गोळा केल्या असतील तर महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदाही लागू होतो, ज्याला सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यात शासन अधिसूचना काढून टाच आणतं आणि उपजिल्हाधिकारी किंवा त्याहून वरचा अधिकारी सक्षम प्राधिकारी म्हणून नेमतं. गुन्ह्यात ती कलमं लावलीत का, हे तपास अधिकाऱ्याला आधी विचारा. पुढं कुणाच्या दारात जायचं ते त्यावर ठरेल.

नाशिकचा_ठेवीदार

ह्यातून गेलोय म्हणून सांगतो. ताई, यादीत नाव असल्याशिवाय वाटपात तुम्ही कुठंच नसता. मालकावर गुन्हा झाला म्हणजे आपली नोंद झाली असं आमच्यातले कितीतरी जण धरून चालले. प्रत्येकीनं आपला वेगळा जबाब द्या, रकमेसकट. मूळ पावती हातातून सोडावी लागली तर आधी झेरॉक्स काढा आणि सही-शिक्क्याची पोच घ्या. रोख दिलं असेल तर त्या दिवशी बँकेतून पैसे काढल्याची पासबुकातली नोंद शोधा. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका, फोन विकू नका. अशा पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतात.

मिळालेलं व्याज लपवू नका. हिशेबात ते निघतंच.

आणि ‘दहा टक्के द्या, तुमचे पैसे काढून देतो’ म्हणणारे आता येतील. आमच्याकडे कंपनीचेच जुने एजंट आले होते. दारात उभे करू नका.

निवृत्त_शिरस्तेदार

गाडीचं राहिलंच. सुप्रीम कोर्टानं २००२ मध्येच, सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात, सांगितलंय की जप्त वाहनं ठाण्यात वर्षानुवर्षं ठेवण्यात काही अर्थ नाही. नवीन संहितेच्या कलम ४९७ मध्ये त्याला मुदती घातल्यात: माल कोर्टापुढे आल्यापासून चौदा दिवसांत वर्णनाची यादी, फोटो आणि चित्रीकरण, मग तीस दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम. पुराव्याला फोटो चालतात, त्यासाठी गाडी कुजवायची गरज नाही. तुम्ही बावीस जणींनी वकिलामार्फत अर्ज द्या की गाड्यांची किंमत रोज उतरतेय, लिलाव करून रक्कम कोर्टात जमा ठेवावी. सोनं टिकतं, बंगलाही टिकेल. गाडी टिकत नाही.

कृष्णाकाठची_सून, सांगली

काका, दादा, दोघांचे आभार. काल परत गेले होते. एमपीआयडी लावलंय. बावीसपैकी नऊ जणींचे जबाबच झालेले नाहीत, आम्हाला पत्ताही नव्हता. सोमवारी सगळ्या मिळून जातोय. गाडीचे फोटो मी तारखेसकट काढून ठेवलेत.

एकच विचारायचं राहिलं. सासूबाई आषाढात गेल्या. पावती त्यांच्या एकटीच्या नावावर आहे, वारस लावलेला नाही. ते ९० हजार त्यांनी गाय विकून दिले होते. त्यांच्या नावानं कोण उभं राहणार?

निवृत्त_शिरस्तेदार

मिस्टर आणि त्यांची भावंडं, सगळे वारस. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि पावतीची प्रत जोडून मागणी अर्ज सासूबाईंच्या नावानं वेगळा करा, तुमच्या अर्जात मिसळू नका. नणंदा असतील तर त्यांच्या सह्या आत्ताच घ्या.