ओट्याला गॅब्रो की डोलेराइट? दुकानदार दोन्हींना ग्रॅनाइटच म्हणतो (मदत हवी आहे)

लिंबाचं_लोणचं

नमस्कार मंडळी,

नागपुरात बेसा भागात घराचं काम चालू आहे. मिस्त्री ओट्यापाशी येऊन अडलाय आणि रोज सकाळी त्याचा फोन असतो, "ताई, दगड आणून राहिले का नाही?"

कामठी रोडवरच्या एका दुकानातून काळ्या दगडाचे दोन नमुने आणलेत, तळहाताएवढे. एक कोळशासारखा, एकसारखा काळा. दुसराही काळाच, पण आत सोनेरी-तांबूस ठिपके, उन्हात तिरपा धरला की चमकतात. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ग्रॅनाइट: पहिला 'जेट ब्लॅक', दुसरा 'ब्लॅक गॅलेक्सी'. लेक बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, भूशास्त्र घेऊन. तिने भिंग लावलं आणि जाहीर केलं, "आई, यातला एकही ग्रॅनाइट नाही. ठिपक्यांचा तो गॅब्रो, दुसरा डोलेराइट." मी ते दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "काहीही म्हणा न ताई, भाव तोच आहे." (भाव तोच नाही. ठिपक्यांचा चांगलाच महाग आहे.)

आता मला हे सांगा की हे दोन दगड वेगळे म्हणजे नेमके कशात वेगळे? आमच्याकडे लिंबू, हळद, तेल आणि गॅसवरून उतरवलेली कढई यांचा राबता आहे, त्यात कुठला टिकेल? भाड्याच्या घरात कडप्पा आहे, त्यावर लिंबाचे पांढरट डाग पडलेत ते जन्मात गेले नाहीत. शिवाय शेजारच्या काकू म्हणतात, हल्ली करड्या दगडाला काळा रंग पाजून विकतात. ते कसं ओळखायचं? उरलेला दगड बाहेरच्या पायऱ्यांना लावायचा विचार आहे.

जाणकारांनी लवकर सांगा, मिस्त्री पळेल.

खडकू

लेकीला माझ्यातर्फे शाबासकी. दोन्ही बाबतींत तिचं बरोबर आहे.

दगडाच्या बाजारात जे काळं, कडक आणि पॉलिश घेणारं ते सगळं 'ग्रॅनाइट'. खऱ्या ग्रॅनाइटमध्ये गारगोटी म्हणजे क्वार्ट्‌झ भरपूर असतो, सिलिका साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास, म्हणून तो फिकट. तुमच्या दोन्ही नमुन्यांत सिलिका ४५ ते ५२ टक्क्यांच्या घरात असणार. आत मुख्यतः प्लॅजिओक्लेज फेल्स्पार आणि पायरोक्सीन ही खनिजं, थोडं लोखंडी मॅग्नेटाइट. आणि गंमत म्हणजे आपली सीताबर्डीची टेकडी ज्या बेसॉल्टची आहे तोही याच घराण्यातला. रसायन जवळपास तेच, फरक थंड होण्याच्या वेगाचा.

खडीसाखर कशी करतात ते आठवा. पाक न हलवता सावकाश निवू दिला की दोऱ्यावर मोठे खडे चढतात, भराभर घोटला की बुरा होतो. शिलारस खोल जमिनीत हजारो वर्षं निवत राहिला तर मोठ्या दाण्यांचा गॅब्रो. तोच रस वर येताना भेगेत शिरून तिथेच थिजला तर बारीक दाण्यांचा डोलेराइट. अशा उभ्या पट्ट्याला आपण भित्ती म्हणतो. आणि बाहेर येऊन लाव्हा म्हणून पसरला की बेसॉल्ट. गॅब्रोचे दाणे नुसत्या डोळ्यांनी सुटे दिसतात, डोलेराइटला भिंग लागतं. मधली रेघ कुणी आखून ठेवलेली नाही, त्यामुळे काही दगडांवर भूशास्त्रज्ञही भांडतात.

तुमचा ठिपक्यांचा दगड बहुधा आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीचा. ते ठिपके सोनं नाहीत, अभ्रकही नाही. ब्राँझाइट नावाचं पायरोक्सीन आहे. जेट ब्लॅक म्हणून विकला जाणारा बराच माल कर्नाटक, तेलंगण, तमिळनाडूतल्या डोलेराइटच्या भित्तींचा.

ऑरेंज_सिटी_सोडलेला

क्वार्ट्‌झचा कृत्रिम स्लॅब घ्या की. कशाला एवढा खटाटोप.

लिंबाचं_लोणचं

त्यात रेझिन असतं, गरम कढई ठेवली की डाग पडतो म्हणे. बहिणीकडे पडलाय.

हिंगणा_फिटर

ताई, मी एमआयडीसीत आहे, दगडशास्त्र कळत नाही. पण आमच्या क्वालिटी रूममध्ये माप तपासायला जी काळी सपाट पाटी असते, तिला सगळे 'ग्रॅनाइट सरफेस प्लेट' म्हणतात. मागे एका सप्लायरनं सांगितलं की काळ्या प्लेटा बहुतेक डोलेराइट नाहीतर गॅब्रोच्याच असतात. गंजत नाही, आणि बिडाच्या प्लेटवर ठोकर बसली की कडेला उंचवटा येतो तसा हिच्यावर येत नाही, टवका उडतो इतकंच. आमच्या पोरांनी त्या प्लेटवर टिफिन ठेवून काय काय सांडवलं ते विचारू नका. वर्षानुवर्षं काही झालं नाही. तुमचा ओटा काय चीज आहे?

लिंबाचं_लोणचं

भाऊ, माझ्या घरी सासूबाई आहेत. क्वालिटी रूमपेक्षा कडक तपासणी असते.

खडकू

फिटरभाऊंचा मुद्दा मोलाचा आहे, त्यात एक भर. कठीण असणं वेगळं आणि चिवट असणं वेगळं. ओरखड्याच्या हिशेबात, म्हणजे एक ते दहाच्या मोजपट्टीवर, गारगोटी ७, आणि या दोन दगडांतली खनिजं ५ ते ६.५ च्या दरम्यान. म्हणजे ओरखडा सोसण्यात खरा ग्रॅनाइट थोडा सरस. पण डोलेराइटमध्ये फेल्स्पारच्या काड्या पायरोक्सीनमध्ये विणल्यासारख्या घट्ट रुतलेल्या असतात, त्यामुळे तो फुटायला फार चिवट. इजिप्तमध्ये अस्वानच्या खाणीत तो अर्धवट सोडलेला ओबेलिस्क (अखंड दगडाचा उंच खांब) आहे ना, तिथे ग्रॅनाइट कोरायला वापरलेले डोलेराइटचे गोळे सापडलेत. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या खडीला हा दगड चालतो तो याच चिवटपणामुळे. गॅब्रोही खडीला चालतो, पण दाणे मोठे असल्यामुळे पॉलिश केल्यावर त्याची नक्षी उठून दिसते, म्हणून तो शोभेच्या दगडात जास्त भाव खातो. तुम्ही जास्तीचे पैसे त्या नक्षीचे देताय, मजबुतीचे नाही.

लिंबाचं म्हणाल तर कडप्पा चुनखडीचा दगड, आम्ल लागलं की तो विरघळतोच. या दोघांत चुनखडी नाही, लिंबू-चिंचेला ते दाद देत नाहीत. मात्र संडास धुवायचं ॲसिड ओट्यावर कधीही नको.

सेवानिवृत्त_वेकोलि

विषय निघालाच आहे म्हणून. आमची सुरुवातीची नोकरी बंगालात राणीगंजच्या कोळसा खाणीत झाली. तिथे सालमा भित्ती म्हणून डोलेराइटची मोठी भित्ती कोळशाच्या थरांतून आरपार गेलेली आहे. जिथे असा तप्त रस कोळशाला भिडतो तिथे कोळसा भाजून त्याचा नैसर्गिक कोक होतो, तिकडचे लोक त्याला 'झामा' म्हणतात. तुमच्या ओट्याचा भाऊबंद आमच्या उत्पादनाची वाट लावायचा. त्याच्यावर कढई ठेवायला घाबरू नका बाप्पा, हजार अंशांच्या वरून थिजलेला आहे.

खडकू

काकांचं खरं, फक्त एक. सगळा दगड मिळून गरम झाला तर काही होत नाही. पण सिंक आणि शेगडीसाठी कापलेल्या कोपऱ्यांपाशी दगड अरुंद असतो, तिथे लाल तापलेलं भांडं ठेवून वर गार पाणी ओतलं तर तडा जाऊ शकतो. चौकोनी कोपरे नको म्हणावं, गोलाई द्यायला सांगा.

आता परीक्षा. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये कापूस भिजवून जोरात घासा. कापूस काळा झाला की रंग पाजलेला माल. मग लिंबाची फोड पंधरा मिनिटं ठेवा. तिसरी परीक्षा घनतेची: स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, नमुना दोऱ्याने पाण्यात लोंबकळत सोडा, तळाला लागू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर आकारमान. कोरडं वजन भागिले तो आकडा. ३ च्या आसपास आलं तर घराणं बरोबर. खरा ग्रॅनाइट २.६५ च्या आगेमागे. गॅब्रो आणि डोलेराइट यांतला फरक मात्र वजनाने कळणार नाही, त्याला भिंगच.

पायऱ्यांना काळा दगड लावू नका. मे महिन्यात नागपुरात दुपारी बारानंतर अनवाणी त्यावर उभं राहून दाखवा, मग बोलू. पॉलिश असेल तर पावसात घसरणं वेगळं.

लिंबाचं_लोणचं

सगळ्यांचे आभार. काल रात्री लेकीने स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली.

जेट ब्लॅक: ५४३ ग्रॅम, पाण्यात १८०. म्हणजे ३.०२. गॅलेक्सी: ५५३ आणि १८७, २.९६. जुन्या कडप्प्याचा तुटका तुकडा: ४८० आणि १७८, २.७०. रिमूव्हरचा कापूस दोन्हींवर स्वच्छ. लिंबाने कडप्प्यावर बारीक बुडबुडे आले आणि चकाकी गेली, बाकीच्यांवर काही नाही. सासूबाई आधी "दगडाला काऊन आंघोळ घालून राहिली" म्हणत होत्या, बुडबुडे आले तेव्हा चष्मा लावून जवळ आल्या.

डोलेराइट ठरवला. ठिपके सुंदर आहेत, पण त्यावर सांडलेली मोहरी मला दिसणार नाही. अजून एक सांगा: आमचं बोअरचं पाणी आहे. काळ्यावर पांढरे डाग पडतील का?

खडकू

पडतील. दगड खराब होत नाही, पाण्यातला क्षार वर बसतो. रात्री कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि मिस्त्रीला वजन सांगून ठेवा: १८ मिलीमीटर जाडीचा स्क्वेअर फुटाला जवळपास ५ किलो. दहा बाय दोनचा ओटा म्हणजे शंभर किलो झाला. खालचे कडप्प्याचे उभे आधार जवळजवळ घ्यायला लावा.

लिंबाचं_लोणचं

सांगितलं. मिस्त्री म्हणाला, "ताई, चार माणसं लागतील, त्यांचे वेगळे."